तारा नसलेलं पलेबहाल

काठमांडूला लागून असलेल्या पाटणात पलेबहाल कुठे असं विचारलं तर दहातले आठ जण नकारार्थी मान हलवतील. तांब्याच्या भांड्यांचं दुकान आणि मोबाइल दुरुस्तीची टपरी यांच्यामधून एक बोळ आत जातो. बोळाच्या टोकाला दार आहे, इतकं बुटकं की ठेंगण्या माणसानंही वाकावं. आत दगडी चौक, मधोमध कमरेएवढा चैत्य, भोवती दुमजली घरं. त्यांतली निम्मी भूकंपापासून बांबूच्या टेकूंवर उभी. समोर तारादेवीचं देऊळ. देवळाला दार आहे, दाराला कुलूप आहे, आत देवी नाही.

त्या कुलपाची किल्ली तीर्थमाया शाक्यच्या कमरेला असते. सत्तावन्न वर्षांची ही बाई उत्तरेकडच्या घरात तळमजल्यावर एकटी राहते, एका दुकानासाठी लोकरीचे स्वेटर विणते. रोज सकाळी ती देऊळ उघडते, रिकामा चौथरा पुसते, चौथऱ्यावर टेकवलेल्या ताराच्या जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोपुढे वात लावते आणि पुन्हा कुलूप घालते. हे काम तिला कुणी दिलेलं नाही. बाकी कुणाला नको होतं, म्हणून तिच्याकडे राहिलं.

ती तेरा वर्षांची होईपर्यंत तारा देवळात होती. सव्वा हात उंच, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. गळ्यापर्यंत वस्त्रं आणि माळा, त्यामुळे दिसायचा तो फक्त चेहरा. बहालातल्या, म्हणजे या चौकाशी जोडलेल्या, चाळीस घरांनी आळीपाळीनं एकेक महिना तिची सेवा करायची. पाळीच्या महिन्यात घरच्या पुरुषानं एकवेळ जेवायचं, चामड्याला शिवायचं नाही, झोपायचं देवळाच्या पडवीत. त्या वर्षी चैत्राची पाळी तीर्थमायाच्या वडिलांची होती. पूर्णरत्न त्यांचं नाव. छापखान्यात खिळे जुळवायचे, महिनाभर रजा काढून बसले होते.

नवव्या दिवशी पहाटे ते देवळाला कुलूप लावून स्नानाचं पाणी आणायला धाऱ्यावर, गावच्या दगडी पन्हळीवर गेले. धारा कुठे लांब नाही, दोन बोळ ओलांडले की झालं. घागर घेऊन परत आले, कुलूप काढलं, तर चौथरा मोकळा आणि वस्त्रं जमिनीवर. त्यांनी आरडाओरडा केला नाही. घरात आले आणि बायकोला विचारलं, "आशा, देवीला तू कुठे उचलून ठेवलंस का?" हरवलेला चष्मा विचारावा तसं. तीर्थमाया अंथरुणातून उठून बसली होती. आई चुलीशी बसली होती तशीच राहिली. वडील दारातच खाली बसले. घागर त्यांच्या हातातच होती.

कुलूप फुटलेलं नव्हतं. मग किल्ली ज्याच्याकडे तोच चोर, हा हिशेब सगळ्यांना सोपा वाटला. दुसरी किल्ली गुठीच्या पेटीत असायची. गुठी म्हणजे या चाळीस घरांची मंडळी, आणि पेटी असायची तिच्या थोरल्याकडे, थकालीकडे. तेव्हा थकाली होते बेखारत्न, पूर्णरत्नचे चुलतभाऊ. आदल्याच पावसाळ्यात गुंला या पूजेच्या पवित्र महिन्याच्या आधी त्यांनी पदरचं सोनं घालून देवीला नवा मुलामा चढवून दिला होता. त्यासाठी पंधरा दिवस देवी त्यांच्याच घरी होती, आणि त्या दानाबद्दल त्यांच्या नावाचा दगड दारावर बसला होता. अशा माणसाला किल्लीबद्दल कोण विचारणार?

पोलिसांनी पूर्णरत्नना अकरा दिवस आत ठेवलं. बाराव्या दिवशी बेखारत्न स्वतः जाऊन त्यांना सोडवून घेऊन आले. उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी सरळ झाली नाहीत. छापखान्याच्या मालकानं त्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पूर्णदाजू, या हातानं खिळे कसे उचलणार?" चोरीबद्दल तो अक्षर बोलला नाही. चांगला माणूस होता.

गुठीनं पाळीच्या यादीतून पूर्णरत्नचं नाव काढलं. पंगतीत मानाप्रमाणे बसायची रीत. पूर्णरत्न पूर्वी सातवे बसायचे, ते आता शेवटी, वाढप्याच्या वाटेत बसू लागले. पुढे जायचेच बंद झाले. दिवसभर खिडकीशी बसून देवळाच्या दाराकडे बघायचे. एकदा तीर्थमायानं त्यांना म्हटलं, "बा, दुसरीकडे बघा ना जरा."

"बघतोय कुठे? आठवतोय," ते म्हणाले. "किल्ली दोनदा फिरवली की एकदा, तेवढंच आठवत नाही."

त्या दिवशी किल्ली आपण नीट फिरवली नाही, आपल्या हातून देवी गेली, असं त्यांना वाटे. चोर आपण नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण निष्काळजी आपणच, हे त्यांनी स्वतःशी कबूल करून टाकलं होतं. नऊ वर्षांनी ते गेले. तिरडीला गुठीची माणसं आली, कारण यावंच लागतं. वाटेत कुणी बोललं नाही.

लहानपणी तीर्थमायाचं बेलफळाशी लग्न लागलं होतं, इकडे सगळ्याच मुलींचं लागतं. तेवढंच एक लग्न तिच्या वाट्याला आलं. पुढे दोन स्थळं आली. पहिल्या घरच्यांनी चहा घेतला आणि निरोप पाठवलाच नाही. दुसऱ्या मुलाची आई निघताना दारात म्हणाली, "मुलगी गोरीगोमटी आहे, कामसू आहे. पण आमच्या घरातही देव आहेत हो." हे ऐकून आई आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. निवडून झालेलेच तांदूळ.

पण एका गोष्टीत आईनं कधी खंड पाडला नाही. मोहनीच्या, म्हणजे दसऱ्याच्या सणाला ती तीर्थमायाला घेऊन बेखारत्नकडे टिळा लावून घ्यायला जायची आणि पायांवर डोकं टेकवायची. "यांनी तुझ्या बाला परत आणलं, विसरू नकोस," असं म्हणायची. बेखारत्न तोंडभर आशीर्वाद द्यायचे. तेही गेले, आईही गेली. मग तीर्थमाया एकटी जाऊन बेखारत्नच्या मुलाकडून आणि नंतर नातवाकडून टिळा लावून घेऊ लागली. नातू नरेशरत्न आता गुठीचा अध्यक्ष आहे. त्याचं मूर्ती परदेशी पाठवायचं मोठं दुकान आहे. गोड बोलतो.

अशी चाळीसेक वर्षं निघून गेली. मग बहालात पाहुणे यायला लागले.

सुदीप तुलाधर नावाचा काठमांडूचा एक तरणा वाटाड्या "न पाहिलेलं पाटण" दाखवायला चारसहा जणांना फिरवायचा. मोठ्या चौकातली देवळं सगळेच दाखवतात. हा आटलेला धारा, नागाची विहीर, घरांच्या खाली दडलेली लेणीवजा देवघरं दाखवायचा आणि शेवटी पलेबहाल. तीर्थमाया त्यांना देऊळ उघडून द्यायची आणि पायरीवर विणत बसायची. तो इंग्रजीत बोलायचा, तिला कळायचं नाही. पाहुणे मात्र आधी हसरे असायचे आणि ऐकता ऐकता घरांच्या खिडक्यांकडे बघू लागायचे, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

एका मार्गशीर्षात दिल्लीकडची मंडळी आली, आणि तो हिंदीत बोलला. हिंदी तिला मालिकांमुळे येत होती.

"इथली देवी चोरांनी नाही नेली," सुदीप रंगात येऊन सांगत होता. "ज्याच्यावर राखणीचं काम, त्यानंच विकली. कुलूपसुद्धा फोडलं नाही पठ्ठ्यानं! पूर्णरत्न त्याचं नाव. त्याच्या घरचं कुणीतरी अजून इथेच राहतं म्हणतात."

तीर्थमायाच्या सुयांतून चार टाके सुटले.

"मीच राहते," ती म्हणाली. "ते माझे वडील."

 मग त्यांच्यातल्या एका बाईनं मोबाइल वर केला आणि तीर्थमायाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदीप एकटाच आला. हातात लाखामरी मिठाईचा पुडा होता, लग्नाच्या आहेरात देतात तसला मोठा. तो हातात घेऊन दारात अवघडून उभा राहिला.

"दिदी, चूक झाली. मला खरंच माहीत नव्हतं."

"हे काय आणलंस? माझं लग्न ठरलंय का?"

त्याला हसावं की रडावं कळेना. तिनं त्याला आत बसवलं, चहा दिला.

"ही गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"अध्यक्षांनी. पाहुणे आणायची परवानगी मागायला गेलो होतो, तेव्हा. म्हणाले, ही गोष्ट सांग, लोकांना आवडेल."

 निघताना सुदीपनं ताराच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. चोरीला गेलेल्या मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत शोधणारे काही लोक आहेत, त्यांना पाठवतो म्हणाला. प्रायश्चित्त म्हणून करत असावा. तिनं त्याला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

सव्वा वर्षानं, वसंतपंचमी होऊन गेल्यावर, तो धापा टाकत आला.

"सापडली दिदी! सापडली!"

परदेशातल्या एका संग्रहालयात काचेमागे तारा उभी होती. मुकुटाची तुटलेली पाकळी, छातीवरचा चरा, सगळं वस्त्रं नसताना काढलेल्या त्या जुन्या फोटोशी जुळलं होतं. संग्रहालयाच्या लोकांनी कागदपत्रंही पाठवली होती आणि मूर्ती परत द्यायला ते तयार होते. सुदीप एकेक कागद वाचून अर्थ सांगत होता. मूर्ती काठमांडूहून एका दलालानं बाहेर काढली आणि परदेशात विकली. विक्रीच्या कागदावरच्या तारखेशी येऊन तो थांबला. पुन्हा वाचली. बोटांवर महिने मोजले.

"काय रे?"

"दिदी, चोरी चैत्रात झाली ना? हा कागद त्याच्या आधीच्या आश्विनातला आहे."

तीर्थमायानं विणकाम मांडीवर ठेवलं.

"म्हणजे चैत्रात माझ्या बानं पूजा कुणाची केली?"

 बहालातून देवी एकदाच बाहेर गेली होती, त्या पावसाळ्यात मुलामा चढवायला, पंधरा दिवस बेखारत्नच्या घरी. तिथून परत आली ती नक्कल. आणि त्या वर्षीच्या वैशाखात बारा वर्षांतून एकदा होणारी पूजा होती. तेव्हा देवीची वस्त्रं उतरवतात, तळाचा पत्रा काढून आतला मंत्राचा कागद बदलतात. नक्कल उघडी पडली असती. म्हणून चैत्रात, पूर्णरत्न पाण्याला गेले असताना, दुसऱ्या किल्लीनं ती नाहीशी झाली. मग अकरा दिवसांनी किल्लीवालाच त्यांना सोडवायला गेला.

कागद पदरात घेऊन तीर्थमाया नरेशरत्नकडे गेली. दुकानातल्या ओळीनं मांडलेल्या सोनेरी बुद्धांमध्ये तो बसला होता. उठून त्यानं तिला गादीवर बसवलं. कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. त्याला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही.

"निनी," आत्याला म्हणतात तसं तो म्हणाला, "आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. कोणावर खटला भरणार?"

"खटला कोण मागतंय? गुठी बोलव आणि सगळ्यांसमोर हे वाच. एवढंच."

"वाचतो. आज वाचतो. पण मग पुढे काय होईल ते ऐका. गुठीत दोन तट पडतील. एक म्हणेल थकालीनंच विकली, दुसरा म्हणेल कागद खोटा. हे परदेशात कळलं की ते म्हणतील, विकायचा हक्क असलेल्यानंच विकली होती, आता तुमचं तुम्ही ठरवा. देवी तिथेच राहील. चालेल?"

"तू मला भीती घालतोस का रे?"

"खरं सांगतोय. तुम्हाला देवी हवी की आजोबांची बदनामी हवी? दोन्ही नाही मिळायचं."

तो खोटं बोलत होता की खरं, हे तिला तेव्हाही कळलं नाही, आजही ती सांगू शकत नाही. सुदीपला विचारलं तर तो आधी भडकला, मग म्हणाला, "असं होऊही शकतं, दिदी." पुढचे तीन दिवस तिनं विणकाम केलं नाही. चौथ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली.

"गप्प बसते," ती म्हणाली. "पण बांची पाळी नऊ दिवसांवर तुटली होती. महिन्यातले उरलेले दिवस गुठीकडे बाकी आहेत. तारा बहालात येईल तेव्हाची सेवा त्यांच्या नावानं लिहायची. मी करणार."

"बाईमाणसानं..."

"बाईमाणूस बोललं तर तुला चालेल का?"

नरेशरत्ननं पाळीची वही काढली आणि तिच्यासमोर नाव लिहिलं. पूर्णरत्न शाक्य. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

तारा पुढच्या कार्तिकात आली. पण देवळाच्या भिंतीला तडे, दाराला एकच कुलूप, पहारा नाही, म्हणून मूर्ती काठमांडूच्या संग्रहालयात ठेवायचं आधीच ठरलं होतं. बहालात फक्त एक दिवस पूजेला आणायची. सकाळी आठला गाडी आली, बरोबर बंदुकवाले शिपाई. चौकात मांडव, खुर्च्या, वाद्यं. पंचवीस वर्षांत जी घरं इकडे फिरकली नव्हती ती नवी वस्त्रं नेसून आली.

तीर्थमायानं आदल्या दिवसापासून उपास धरला होता. ती धाऱ्यावर गेली, पण धाऱ्याला पाणी कुठलं. तेव्हा विहिरीचं पाणी काढलं. चौथऱ्यावर तारा ठेवली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की देवीचा चेहरा आपल्याला आठवत नव्हता. फोटोतलाच आठवत होता. खरा चेहरा फोटोपेक्षा तरुण होता. तिनं रीतीप्रमाणे देवीसमोर आरसा धरून त्यातल्या प्रतिबिंबावर पाणी घातलं, टिळा लावला, वस्त्र पांघरलं.  मनात काही दाटून येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

बाहेर ध्वनिक्षेपकावरून नरेशरत्नचं भाषण चालू होतं. "आमच्या पूर्वजांची ही ठेव," तो सांगत होता, "मधल्या काळात दुर्लक्षामुळे आपल्या हातून निसटली..." टाळ्या वाजल्या. दुर्लक्ष कोणाचं ते त्यानं सांगितलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतंच.

चारच्या सुमाराला गाडी तारा घेऊन गेली. मग चौकात भोज बसलं. लांबलचक चटयांवर पानं मांडली, चिउरा म्हणजे पोहे, काळे सोयाबीन, म्हशीचं मटण, मातीच्या पेल्यांत ऐला नावाची घरची दारू. तीर्थमायानं उपास सोडायचा म्हणून बायकांच्या पंगतीत शेवटी बसून घेतलं. तिच्या शेजारी मोहनदेवी होत्या. समोरच्याच घरात राहणाऱ्या, आईच्या बरोबरीच्या, नव्वदीला टेकलेल्या. दात नाहीत, कान मात्र शाबूत.

दोन पेले झाल्यावर मोहनदेवींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तीर्थे, तुझ्या आईनं आजचा दिवस बघायला हवा होता. तिच्या जिवाला जरा बरं वाटलं असतं."

"तिला काय बरं वाटणार, मोहनआजी? तिला तर शेवटपर्यंत कळलंच नाही कुणी नेली ते."

मोहनदेवी चघळायच्या थांबल्या.

"तुला तिनं सांगितलं नाही होय?"

"काय?"

"अगं, देवी बेखाच्या घरून परत आली ना, सोनं चढवून, तेव्हा पाय धुवायचं काम तुझ्या आईकडे आलं होतं. डाव्या पायाची करंगळी शेकडो वर्षं हात लागून लागून सपाट झालेली असायची. ती हिला अख्खी दिसली. मला येऊन म्हणाली, मोहनदिदी, ही आपली देवी नव्हे. मी म्हटलं, गप बस, थकालीच्या घरून आलीय."

तीर्थमायाच्या पानावर कुणीतरी आणखी चिउरा वाढला.

"मग तुझ्या बाला पकडून नेलं," मोहनदेवी म्हणाल्या. "अकराव्या दिवशी तुझी आई बेखाकडे गेली. म्हणाली, करंगळीचं मी सगळ्यांना सांगेन. तो म्हणाला, सांग, पण मग पूर्ण परत येणार नाही. नाही सांगितलंस तर उद्या घरी आणतो. आणला की त्यानं."

"आणि बाला? बाला सांगितलं तिनं?"

"वेडी का तू? त्याला कळलं असतं तर तो गप्प बसला असता का? पुन्हा आत गेला असता."

"नऊ वर्षं ते किल्ली आठवत बसले होते, मोहनआजी."

"ते तिला दिसत होतं ना गं," म्हातारी म्हणाली. "रोज दिसत होतं."

तीर्थमायानं पानावरचं सगळं संपवलं. भोजाचं पान टाकून उठू नये, म्हणून संपवलं. हात धुतले. नरेशरत्न मांडवाच्या खांबाशी पाहुण्यांना निरोप देत होता. तिला पाहून त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "निनी, फार छान झालं आज." तिनंही हात जोडले.

घरी येऊन ती दिवा न लावता बसली. आईबद्दल राग येईल म्हणून वाट पाहिली, पण मनात सारखी नरेशरत्नच्या दुकानातली ती गादी येत होती. काल कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मी आईसारखी नाही.

त्यानंतरच्या माघात थंडी फार पडली. सुदीप दोनदा येऊन गेला. संग्रहालयात नेतो म्हणाला, पाटणच्या पुलावरून बसनं अर्ध्या तासाची वाट आहे, चला. तिनं दोन्ही वेळा कुठल्या तरी स्वेटराची बाही राहिल्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी तो कागद घेऊन आला. सगळं लिहून काढलं होतं त्यानं, आश्विनाची तारीख, मुलामा, दुसरी किल्ली. छापायला देऊ का, असं विचारत होता.

"दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या आईचं नाव घालशील का त्यात? तिलाही ठाऊक होतं."

"तुम्ही म्हणाल तसं."

तिनं कागद हातात घेतला, वाचता येत होतं तेवढं वाचलं आणि नीट घडी घालून वडिलांच्या फोटोमागे ठेवला. "माझ्यामागे छाप," ती म्हणाली. सुदीपनं मान खाली घातली. बाहेर गार वारा सुटला होता आणि बांबूंचे टेकू कुरकुरत होते. तिनं त्याला चहा विचारला, आणि तो हो म्हणाला.